उपरण्याखालचं मत

जसराजशेठांनी उन्हं कलायच्या वेळी घरातल्या सगळ्यांना माजघरात बोलावलं, तेव्हाच धापूबाईच्या मनात आलं, की आज अर्धं घर उपाशी झोपणार. दिवस माघाचे होते. सूर्य बुडाला की या घरात अन्न नाही आणि पाणीही नाही, हा जैनांचा नेम शेठांना काही नवा नव्हता. पण बारामती म्युनिसिपालिटीचे प्रेसिडेंट झाल्यापासून त्यांना सभेची अशी गोडी लागली होती, की सभा सुरू करणं तेवढं आपलं काम आणि संपवणं देवाचं, असं ते धरून चालत.

स्वयंपाकघरात छबूबाई निखाऱ्यातल्या बाट्या उलटत होती. वीस वर्षं या घरात काम करून तिला घरच्यांपेक्षा घर जास्त कळत होतं. माजघरात जाजम अंथरलेलं तिने पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला.

"शेठाणीबाई, सभा हाय का?"

"हाय."

"मग बाट्या गुरांना घालायच्या का, ते आत्ताच सांगा. मागनं चिडू नका."

धापूबाई हसली नाही. एरवी हसली असती. आज सभेपुढे जो विषय होता तो तिच्या नातीचा होता. जडाव, थोरल्या केवलचंदची मुलगी, सोळाव्यात आलेली. तिला दोन स्थळं आली होती. एक इंदापूरचं, हस्तीमल व्यापाऱ्याचा धाकटा मुलगा. दुसरं मारवाडातलं, खुद्द सोजतचं. इंदापूर पंधरा कोसांवर. सोजतला जायचं तर दौंडपासून गाड्या बदलत तीन दिवस, आणि पुढे उंटाची गाडी.

शेठांचा कल सोजतकडे होता. तो का, हे गावातल्या शेंबड्या पोराला विचारलं तरी त्याने सांगितलं असतं.

शेठ स्वतः सोजतचेच, पोरवयात लोटा आणि दोरी घेऊन बारामतीला आले, असं गाव सांगतं. ते स्वतः सांगत की दोरी नव्हती, ती वाटेत कुणीतरी लांबवली. आले ते मामाच्या पेढीवर उंबऱ्याशी बसायला. मामा व्याजबट्टा करीत. भाच्याचं मन त्यात रमेना, त्याचा डोळा माणसांवर. नीरेच्या कालव्याचं पाणी शिवारात खेळू लागलं होतं, ऊस वाढत होता, आणि ज्याच्या डोक्यात कल्पना होती त्याच्या हातात भांडवल नव्हतं. वडगाव निंबाळकरच्या आबासाहेबांनी लोखंडी चरक आणायचं मनावर घेतलं, तेव्हा जसराजने त्यांना कर्ज दिलं नाही, चरकात भागी घातली. चालला तर दोघांचा, बुडाला तर दोघांचा. मामांनी कपाळाला हात लावला. चरक मात्र चालला. मग कापसाच्या जिनात भागी, तेलाच्या इंजिनात भागी, इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीत भागी. दुसऱ्याच्या खुळात आपला पैसा घालायचा आणि त्या खुळाला शहाणपण म्हणवून घ्यायचं, यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

आणि पन्नाशी उलटल्यावर या माणसाने पेढी धाकट्या भावाच्या आणि मुलाच्या हवाली केली आणि तो गावच्या गटारांमागे लागला. ज्याला जिनाचा धूर बघून नफा कळायचा, तो आता गटाराचा उतार बघत आळ्याबोळांतून हिंडू लागला. शेठ म्हणत, गावाने मला जेवू घातलं, आता गावाची भांडी घासायची. धापूबाई म्हणे, घासा की, पण घरात स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आता त्यांनी गुळाच्या बाजारात हात घातला होता. बाजारात ढेपांची रास लागे, आणि अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे हात उपरण्याखाली घेऊन बोटं दाबत. त्या दाबण्यात भाव ठरे. ज्याचा गूळ तो बिचारा उन्हात उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघे. जसराजशेठ स्वतः या विद्येत तरबेज होते, त्यांच्या बोटांना डोळे आहेत असं लोक म्हणत. पण प्रेसिडेंटच्या खुर्चीवर बसल्यावर एक दिवस आबासाहेबांनी त्यांना विचारलं, की माझ्या गुळाचं काय झालं हे सगळ्यांच्या शेवटी मलाच का कळावं? पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला, की यापुढे बाजारात बोली मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल अशीच व्हावी.

ठरावावर आठवड्याभराने मतं पडायची होती, आणि ठरावाचा सगळ्यात मोठा विरोधक होता बारामतीच्या बाजारात खरेदी करणारा इंदापूरचा हस्तीमल. त्याच्या घरी नात दिली आणि ठराव पडला, तर गाव म्हणणार शेठने व्याह्यासाठी माघार घेतली. म्हणून सोजत. सार्वजनिक काम स्वच्छ ठेवायचं तर घर जरा लांब ठेवावं, असं शेठ म्हणाले होते. धापूबाईच्या मनात आलं, व्हय, तीन दिवसांच्या गाडीवर.

ती स्वतः अकराव्या वर्षी लग्न होऊन सोजतहून इकडे आली होती. आई स्टेशनपर्यंत आली नाही, रडू आवरणार नाही म्हणून दारातूनच परतली. ती पाठमोरी दिसली तीच शेवटची. पुढे आई गेल्याचं कळलं तेव्हा तिचं दिवसकार्यही उरकलेलं होतं. धापूबाईने हे दुःख कधी कुणाला सांगितलं नाही, पण ते कमीही झालं नाही. जडावच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

माजघरात सगळे जमले. या घरात मारवाडीत बोलायची रीत होती, पण वाद रंगात आला की सगळे बारामतीच्या बोलीवर उतरत. धाकटा भाऊ मगनीराम आला तोच बोलीवर उतरून आला. ठरावाला त्याचा घरातून विरोध होता. बाजारातली खरेदी तो बघे, आणि उपरण्याशिवाय सौदा म्हणजे त्याला लंगोटीशिवाय कुस्ती वाटे. केवलचंद वडिलांच्या ठरावाच्या बाजूचा, पण वडिलांसमोर स्वतःच्या बाजूचाही नव्हता. त्याची बायको सायर दाराआड उभी होती. जडावला वरच्या खोलीत बसायला सांगितलं होतं. तिचाच विषय असल्याने तिला अर्थातच बोलावलं नव्हतं.

शेठांनी दोन्ही स्थळांचे गुण सांगितले. इंदापूरचे चटकन आटोपले. सोजतच्या हवेलीचे झरोके मोजता मोजता उन्हाची तिरीप जाजमावरून भिंतीवर चढली. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून उजव्या हातावर पसरलं.

घरातल्या मोठ्या गोष्टी ठरवायची ही त्यांची रीत होती. प्रत्येकाने उपरण्याखाली हात घालून शेठांचं बोट दाबायचं, मत कुणी कुणाला सांगायचं नाही, म्हणजे भांडण नाही. सगळ्यांचं झालं की शेठ डोळे मिटत आणि निकाल सांगत. बाजारात हात उघडा करणं जसं नामुष्कीचं, तसं घरात आपण काय दाबलं हे बोलणं. इतक्या वर्षांत ते कुणी कुणाला विचारलं नव्हतं. बाहेरच्या कुठल्याही घरात या निकालातली गोम पहिल्या वर्षीच उघडी पडली असती.

"एक बोट सोजत, दोन बोटं इंदापूर," शेठ म्हणाले. मगनीराम पुढे सरकला.

"थांबा," धापूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आज उपरणं नको. आज मोठ्यानं बोला."

शेठांनी मान वर केली. "ही घरातली गोष्ट हाय."

"गावात तुमी काय सांगत फिरताय? ज्याचा गूळ त्याला बोली ऐकू आली पायजे. मग पोर काय गुळाच्या ढेपेपेक्षा हलकी हाय व्हय?"

मगनीरामला यातलं काहीच रुचलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, इतकी वर्षं चाललंय, कुणाची तक्रार नाही, भाभींनी कशाला उगाच आगीत लाकडं सारावीत, असं तो बराच वेळ बोलत राहिला. धापूबाईने त्याला संपवू दिलं. गेली कित्येक वर्षं एक गोष्ट तिला ठाऊक होती आणि ती तिने एखाद्या चोरून ठेवलेल्या खाऊसारखी जपली होती. ती आज बाहेर काढली तर नवऱ्याची सगळ्यांसमोर शोभा होणार, हे तिला कळत होतं. तिला त्याचं वाईटही वाटत होतं.

"मगनभाऊजी," ती म्हणाली, "मोटारीत भागी घ्यायच्या वेळी तुमी किती बोटं दाबली हुती?"

मगनीरामने भावाकडे पाहिलं. "ते सांगायचं नसतंय."

"मी सांगतो," केवलचंद एकदम म्हणाला, आणि आपणच बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. "मी दोन दाबली. नको म्हणून."

"तू बी?" मगनीराम वळला. "अरं, मीबी दोनच!"

राहिले होते मामा. ते आता नव्हते, पण त्या दिवशी स्वयंपाकघरात पाणी प्यायला येऊन ते धापूबाईपाशी कुरकुरले होते, की मी एकट्याने नको म्हटलं, पण या पोरांपुढे माझं काय चालतंय. मगनीरामही तसंच कुरकुरला होता. केवलने आपल्या बायकोला सांगितलं होतं, आणि बायकोने सासूला. पुरुषांची गुपितं उपरण्याखालून निघत आणि चुलीपाशी येऊन बसत. तिघांनीही नको म्हटलं होतं, आणि शेठांनी डोळे मिटून जाहीर केलं होतं, दोघांची हो, एकाची नको. तो एक आपणच, असं समजून तिघेही गप्प बसले होते. म्युनिसिपालिटीला उभं राहतानाही तेच झालं होतं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे कुणी म्हटलं नाही, पण माजघरात ते सगळ्यांना ऐकू आलं. शेठ उपरण्याच्या काठाशी चाळा करीत राहिले.

"मोटार चालली का न्हाय?" शेवटी ते म्हणाले.

"चालली," मगनीराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "झ्याक चालली. पर दादा, बारा वर्षं मला वाटतंय, या घरात धंदा कळत न्हाय तो मला एकट्यालाच."

शेठांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. दारात छबूबाई उभी राहून दिवस किती राहिला ते मुकाट दाखवत होती. खिडकीच्या वरच्या गजापाशी पिवळं ऊन उरलं होतं, त्याखाली सगळी सावली. धापूबाई म्हणाली, बाट्या तयार आहेत, तूप कढवलंय, जो मोठ्याने बोलेल त्याचं ताट वाढते.

गुप्त मताचा एवढा कैवारी मगनीराम, पण तोच पहिला बोलला. "इंदापूर," तो म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला. हस्तीमलशी सोयरीक झाली तर बाजारात आपलं वजन वाढेल हा त्याचा हिशेब होता, आणि तो त्याने लपवलाही नाही. केवलचंद म्हणाला, इंदापूर. मग धापूबाईने दाराआडच्या सायरला विचारलं. सायरला या घरात येऊन अठरा वर्षं झाली होती, आणि माजघरात तिचं मत आजवर कुणी मागितलं नव्हतं. ती आधी पदर सावरत राहिली. मग इतक्या मोठ्याने "इंदापूर" म्हणाली, की वरच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला.

सगळे जेवायला बसले, आणि शेठ मत न देताच उपरणं खांद्यावर टाकून ओट्यावर जाऊन बसले. केवलचंद बोलवायला गेला, तर भूक नाही म्हणाले. धापूबाईने सगळ्यांना वाढलं. स्वतःचं ताट घ्यावं असं तिला वाटलं, पण त्यांच्याआधी ती आजवर जेवली नव्हती, आणि आज ते सुरू करायला मन घेईना. सूर्य बुडाला. छबूबाईने उरलेल्या बाट्या झाकल्या आणि आपण आधीच सांगितलं होतं असा चेहरा केला.

धापूबाई ओट्यावर जाऊन भिंतीला टेकून बसली. समोरच्या आळीत म्युनिसिपालिटीचा माणूस कंदील लावत चालला होता. त्याने शेठांना वाकून नमस्कार केला.

"समद्यांम्होरं लाज काढलीस," शेठ म्हणाले.

"काढली. तुमी पोरीला तिकडं धाडाय निघालता."

ते चिडले नाहीत. हळूहळू, समजूत घालावी तसं बोलत राहिले. ठराव त्यांना मनापासून हवा होता. हस्तीमल व्याही झाला तर पदोपदी त्याचं मन राखावं लागणार, नात त्याच्या घरात असणार, कुठे ना कुठे आपला हात ढिला पडणार. पोर जड झाली म्हणून धाडतोय असं तुला वाटतं का, असं त्यांनी विचारलं. धापूबाईला तसं वाटत नव्हतं. जडावला रांगताना पाठीवर घेऊन हाच माणूस पेढीत फिरला होता.

"तुमाला भ्या वाटतंय ते हस्तीमलचं न्हाय," ती म्हणाली. "तुमचं तुमालाच भ्या वाटतंय. मग मनाचा धडा करायचा तो तुमी करा. पोरीनं कशापायी घर सोडून जावं?"

शेठांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "तुला त्या येळी कुणी इचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आला नव्हता. काहीतरी गोड बोलावं असं तिला क्षणभर वाटलं. माणूस उपाशी बसला होता, दुखावला होता. पण आज मोठ्याने बोलायचा दिवस तिनेच लावला होता.

"न्हाय म्हणाले असते."

"साफ न्हाय?"

"साफ. आले, ऱ्हायले, तुमच्याशी जमलं बी. वाईट झालं असं म्हणत न्हाय. पर आईला सोडून कोण यील हो? इचारलं असतं, तर न्हायच म्हणाले असते."

शेठांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मग एकाएकी त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "जडाव!"

ती इतक्या लवकर आली, की जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसलेली असणार. शेठांनी तिला समोर उभी केली आणि दोन्ही स्थळं सांगितली, जशी ती आजवर कुणीच तिला सांगितली नव्हती. ठरावाचंही सांगितलं. मग म्हणाले, तुझं काय ते बोल. जडावने आजीकडे पाहिलं. धापूबाईने चटकन मान फिरवून रस्त्याकडे तोंड केलं. आपला चेहरा म्हणजेही एक दाबलेलं बोटच, हे तिला कळत होतं. तरी मनात ती इंदापूर, इंदापूर असं घोकत होती.

"सोजतला मी जाणार न्हाय," जडाव म्हणाली. "आन इंदापूरला बी आत्ताच व्हय म्हणत न्हाय."

धापूबाईची मान आपोआप वळली.

"तो पोरगा मी बघितलेला न्हाय. मला त्याला बघू द्या. आन दादाजी, तुमचा ठराव हाय म्हणून ते मागं फिरणार असतील, तर तसल्या घरात मला जायाचं न्हाय. ते बी आदी कळू द्या."

एवढं बोलून ती आत पळाली. शेठ आधी खाकरले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते मोठ्याने हसत सुटले, इतके की पलीकडच्या कंदीलवाल्याने मागे वळून पाहिलं. धापूबाई हसायच्या बेतात नव्हती. एवढा वेळ जिच्यासाठी ती भांडली, तिने सगळ्यांनी एकमताने दिलेलं इंदापूर तिथेच बाजूला ठेवलं होतं.

"बघ," शेठ डोळे पुसत म्हणाले. "तुझं बी मत पडलं."

मग तिलाही हसू आलं. पोटात भूक होती, घसा कोरडा होता, आणि सकाळपर्यंत पाण्याचा घोटही मिळणार नव्हता, तरी तिला कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. शेठांनी ठरवून टाकलं, की उद्या स्वतः इंदापूरला जायचं, आधी हस्तीमलला ठराव सांगायचा आणि मग मुलाला जडावसमोर यायचं बोलावणं द्यायचं, दोन्ही एकाच बैठकीत आणि चारचौघांत. तो नाही म्हणाला तर त्यानेही ते मोठ्याने म्हणावं.

मग ते धापूबाईकडे वळले.

"इंदापूर जवळ, इंदापूर जवळ करून आज घर डोक्यावर घेतलंस. तू स्वता किती बारी गेलीस तितं?"

धापूबाई आठवू लागली. आठवायला काहीच नव्हतं.

"एकदाबी न्हाय," ती म्हणाली.

तिचं तिलाच ते ऐकून आश्चर्य वाटलं. आळीच्या टोकाला कंदीलवाला दिसेनासा झाला होता. शेठ तिच्याकडे बघत राहिले, जणू ही बाई आजच गावात उतरली होती.

"उद्या चल," ते म्हणाले.

"सांगताय का इचारताय?"

शेठांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर ठेवलं. "इचारतोय," ते म्हणाले.

धापूबाईने पदर सारखा केला, पाय पसरले, भिंतीला नीट टेकली. बारामतीत आल्यापासून पहिल्यांदाच कुणी तिची मर्जी विचारत होतं, आणि उत्तर द्यायची तिला मुळीच घाई नव्हती.